एकच गोल, दोनदा

ज्या मॅचपायी त्या उन्हाळ्यात मला जीव नकोसा झाला, ती मॅच पाहिलेला एकही माणूस आज जिवंत नाही. तिला शंभराहून जास्त वर्षं झाली. जर्मनी आणि हॉलंड हे दोन शेजारी तेव्हा एकमेकांशी फुटबॉल खेळायला नुकतेच लागले होते. मॅच हॉलंडात झाली, हॉलंड जिंकलं, जर्मनी हरली. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते हॉलंडच्या एका गोलवरून.

आम्ही जर्मनीतल्या आखनच्या बाहेर, अगदी सीमेला टेकलेल्या गावात राहतो. सीमा म्हणजे काय, तर बेकरीपुढचा रस्ता ओलांडला की पाट्यांवरची भाषा बदलते आणि सायकलींचा रस्ता जरा बरा होतो. इकडच्या गावाचा एक फुटबॉलचा फेराइन, तिकडच्या गावाचा एक. फेराइन म्हणजे आपलं मंडळ, फक्त वर्गणी वेळेवर देणाऱ्या लोकांचं. गावात सांगतात ती गोष्ट अशी, की इकडचा एक सुतार आणि तिकडचा एक दूधवाला, दोघं जिवाभावाचे मित्र, ती मॅच बघायला एकाच बाकावर बसून आगगाडीने गेले आणि येताना वेगवेगळ्या डब्यांतून आले. दूधवाला म्हणे, चेंडू रेषेच्या आत गेला होता. सुतार म्हणे, रेषेवरच अडला होता. पुढे दोघांनीही आपापल्या गावात फेराइन काढला आणि हे भांडण त्याला आंदण दिलं. मध्ये दोन महायुद्धं झाली, सीमा बंद झाली, उघडली, चलन बदललं. गोल तिथेच. दर उन्हाळ्यात दोन्ही गावं एकमेकांशी मॅच खेळतात आणि मग बिअर पिता पिता त्या गोलवरून तावातावाने बोलतात.

मला यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. मी फक्त मुलीला प्रॅक्टिसला सोडायला गेले होते आणि फेराइनची सेक्रेटरी होऊन परत आले. इथे हे असंच होतं. सभेत खुर्चीवर बसलात आणि कुणाच्या नजरेला नजर दिलीत की संपलं. मुलगी ऐन लढाईच्या वयातली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. नवरा सोमवार ते शुक्रवार स्टुटगार्टला, गाड्यांच्या कंपनीत. म्हणजे घर, नोकरी, मुलगी, फेराइन आणि उन्हाळ्यात तीन महिने सासरे, हे सगळं माझ्या गळ्यात.

सासरे, म्हणजे बाबा, कोल्हापूरचे. शाळेत मास्तर होते, आणि तालमींच्या, म्हणजे पेठापेठांच्या मंडळांच्या, फुटबॉल मॅचेसना कित्येक वर्षं पंच. कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे हे मला, पुण्याच्या मुलीला, लग्नानंतर कळलं. दोन पेठांची मॅच असली की अख्खं गाव दोन तुकड्यांत वाटलं जातं, आणि पंचाने शिट्टी कुणाच्या बाजूने मारली यावर तो घरी कुठल्या रस्त्याने जाणार हे ठरतं. बाबांची शिट्टी अजून त्यांच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. जर्मनीला येतानाही ती बरोबर येते.

आधी ते आणि सासूबाई दोघं यायचे. यायचे आणि माझ्या स्वयंपाकघरात तीन महिने भांडायचे. चहात साखर किती, खिडकी उघडी का, बस कुठल्या बाजूने येते, कशावरूनही. माझं डोकं उठायचं. सासूबाई एकदा सुरू झाल्या की बाबा मान किंचित वर करून ऐकत राहायचे, मैदानावर कुणी अंगावर धावून आलं तर पंच ऐकतो तसे, आणि मग शांतपणे एकच वाक्य बोलून पुन्हा आग लावायचे.

त्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. उन्हाळ्यात बाबा एकटेच आले.

आणि घर गप्प झालं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. अजिबात नाही वाटलं. ते खिडकीशी बसायचे, नाहीतर काहीतरी उपद्व्याप करून ठेवायचे. ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिक टाकलं. बाल्कनी बादल्या ओतून धुतली, ती खालच्या शेजाऱ्याच्या अंथरुणाच्या चादरींवर. मी इस्त्री करून ठेवलेले माझे ऑफिसचे शर्ट पुन्हा इस्त्री करताना एकाची कॉलर जाळली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण बायको गेलेल्या माणसाला बोलायचं कसं? मी प्रत्येक वेळी तोंडाला कुलूप लावून म्हणायचे, "असू दे बाबा." नवरा फोनवर म्हणायचा, त्यांना सांभाळून घे. तिकडे स्टुटगार्टला बसून सांभाळून घ्यायला फारच सोपं असतं.

एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "इथली माणसं लई चांगली हैत. हसत्यात, हात करत्यात. पण बोलत न्हाईत गं कोणी." मग भाताकडे बघत म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघायला सांग त्याला. आणि पुढच्या वर्षी काय माझं यायचं हुईल असं वाटत न्हाई."

व्हिसा तीन महिन्यांचा, म्हणजे आमच्याकडे तेवढेच दिवस येतात ते वर्षातून. तेही त्यांना नको झाले. तिकडे कोल्हापुरात बंद खोल्यांचं घर, शेजारच्या बाई भाकरी पाठवतात, आणि दिवसभर टीव्ही. मला त्यांचा वैताग येत होता आणि ते जाऊ नयेत असंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. मी म्हणाले, "असू दे बाबा, बघू."

नेमका त्याच वर्षी दोन्ही फेराइनना शहाणपण सुचलं. ठरलं असं, की हे भांडण आता कायमचं मिटवायचं. त्या वेळचे कपडे घालायचे, त्या वेळच्यासारखा चामड्याचा शिवलेला चेंडू आणायचा, तो वादग्रस्त हल्ला मैदानावर जसाच्या तसा करून दाखवायचा आणि मग दोन्ही भाषांतली एक पाटी, ताटाएवढी, सीमेवरच्या खांबाला ठोकायची. पाटीवर सर्वमान्य मजकूर. तो ठरवण्यासाठी आमच्या किती झिट्झुंग, म्हणजे सभा, झाल्या हे मी सांगत नाही, कारण प्रत्येक सभेचं इतिवृत्त मलाच लिहावं लागलं आणि ते आठवलं की अजून माझं डोकं भणभणतं. "वादग्रस्त" हा शब्द घालायचा की नाही यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी तडजोड निघाली ती अशी: हल्ला दोनदा खेळायचा. पहिल्यांदा जर्मन म्हणतात तसा, म्हणजे गोल नाही. दुसऱ्यांदा डच म्हणतात तसा, म्हणजे गोल. दोन्ही बाजू समान. ही तडजोड काढणारी माणसं दिवसा बँकेत आणि विद्यापीठात कामाला जातात.

मग अडलं पंचावर. जर्मन पंच डचांना नको, डच पंच जर्मनांना नको. बेल्जियमची सीमा इथून हाकेच्या अंतरावर, तिथला आणू असं मी सुचवलं, तर शंभर वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं. बेल्जियन नको. मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात आमच्या फेराइनचा अध्यक्ष, म्हणजे तोच चादरीवाला खालचा शेजारी, खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "आल्झो, तर मग, हा गृहस्थ कोणाच्याच बाजूचा नाही." बाहेर कुंपणाला टेकून बाबा मुलांची प्रॅक्टिस बघत होते आणि ओरडत होते, "ऑफसाइड हाय रं! डोळं फुटलं काय?"

ठराव एकमताने मंजूर झाला.

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते नको म्हणतील. पण त्यांनी आधी टीव्ही बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "भांडण नक्की कशाचं हाय, नीट सांग." सुतार, दूधवाला, रेषा, सगळं ऐकून घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जागा झालेला दिसला.

"आणि आता मिटवायचं म्हणत्यात?"

"हो."

"का?"

"का म्हणजे? शंभर वर्षं झाली की बाबा!"

"मग?" ते म्हणाले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला उठले.

त्यानंतर मी त्यांना रोज पढवलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा गोल. चहा देताना, भाजी निवडताना, बसस्टॉपवर. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा गोल. शेवटी ते वैतागून म्हणाले, "व्हय गं, कळलं. मास्तर हाय मी."

मॅचच्या दिवशी दोन्ही गावं लोटली. इकडे सॉसेज, तिकडे बटाट्याचे तळलेले काप, मध्ये बिअर. आमचे लोक गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या आणि लोकरी टोप्या घालून घामाघूम झालेले. बाबांनी मुलाच्या लग्नातला कोट चढवला होता आणि टाय. त्या काळी पंच कोटातच असत म्हणे. किल्ल्यांच्या जुडग्यातली शिट्टी गळ्यात. मैदानावर जाताना त्यांनी वाकून गोलरेषेला हात लावला आणि कपाळाला लावला. शेजाऱ्याने मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडे करतात.

पहिला हल्ला. डचांकडून पायाने चेंडू मारणार होता तो तिकडचा दातांचा डॉक्टर, वय झालेलं, गुडघे गेलेले. आमचा गोलकीपर पोस्टमन, त्याने चेंडू बरोबर रेषेवर धरायचा असं ठरलेलं. डॉक्टरने मारला. त्या चामड्याच्या चेंडूला काय वजन, तो घरंगळत निघाला. पोस्टमन ऐटीत झेपावला, टोपी डोळ्यांवर आली, आणि चेंडू त्याच्या पोटाखालून सरकत गेला. मी रेषेपाशीच पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. पोस्टमन चेंडूवर असा पसरला होता की तो नक्की कुठे आहे हे देवालाच ठाऊक. बाबा धावत आले, ओणवे झाले, फक्की मारलेली रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि खणखणीत शिट्टी मारून हात मैदानाच्या मध्याकडे केला.

गोल.

जो गलका उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही. आमचे लोक आत धावले. डचांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा गोल दुसऱ्यांदा व्हायचा होता, पहिल्यांदा कसा झाला, म्हणून तेही आत धावले. मी ओरडत होते, "बाबा, पहिल्यांदा नाही! पहिल्यांदा नाही!" ते जागचे हलले नाहीत. छाती काढून उभे.

कसंबसं सगळ्यांना बाहेर काढून दुसरा हल्ला केला. आता पोस्टमनने बाजूला व्हायचं आणि चेंडू आत जाऊ द्यायचा, एवढं साधं काम. पोस्टमन बाजूला झाला. डॉक्टर मात्र मघाच्या गडबडीने घाबरलेला, त्याने इतक्या जपून मारला की चेंडू गोलपर्यंत येता येता दमला आणि रेषेवर येऊन थांबला. चक्क थांबला. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. तिकडच्या फेराइनच्या सेक्रेटरीबाई तोंडाने फुंकर मारत होत्या. बाबा पुन्हा ओणवे झाले, पुन्हा रेषा बघितली आणि दोन्ही हात आडवे हलवले.

गोल नाही.

शेजारी लालबुंद होऊन माझ्याकडे आला. त्याला म्हणे तातडीने खुलासा हवा होता. मी विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले, "एक गोल, एक न्हाई. ठरल्यापरमाणंच झालं की." आणि हे मला सगळ्यांसमोर जर्मनमध्ये सांगावं लागलं. पाटी कापडाखाली झाकून ठेवली होती. ती उघडायचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी जर्मनमध्ये माफी मागितली, मोडक्यातोडक्या डचमध्ये माफी मागितली, बाबांना गाडीत बसवलं आणि दात आवळून म्हणाले, "असू दे बाबा." ते माझ्याकडे जरा निराश होऊन बघत होते असं मला वाटलं, पण त्याकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी या देशात आवाज करायचा नाही, मी एकदा मिक्सरवर खोबरं वाटलं होतं तर हाच शेजारी वर आला होता. तोच रविवारी सकाळी आमची बेल धरून उभा. आत आला, बूट न काढता डायनिंग टेबलाशी बसला आणि मिठाची बाटली गोलपोस्ट, मिरपुडीची बाटली दुसरा पोस्ट, मध्ये एक वाटाणा, असं मांडून बाबांना जर्मनमध्ये समजावू लागला. बाबांनी वाटाणा बोटाने आत सरकवला आणि कोल्हापुरीत समजावू लागले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते. शेजारी दर दोन वाक्यांनी "नाइन, नाइन", म्हणजे नाही, नाहीच, असं म्हणत टेबलावर बोट आपटत होता. मी कॉफी ठेवली. दुसरं काय करणार?

मग हे रोजचंच झालं. डच सेक्रेटरीबाई सायकलवरून यायच्या. पोस्टमन पत्रं टाकून जायचा तो आता वर येऊन गुडघे टेकवून दाखवायचा, चेंडू पोटाखाली कुठे होता ते. बेकरीत बाबा ब्रेड आणायला गेले की मागून कुणीतरी काहीतरी ओरडायचं आणि बाबा दारातूनच मराठीत उत्तर द्यायचे. पूर्वी हसून हात करणारी माणसं आता त्यांना रस्त्यात अडवत होती. माझा साखरेचा डबा आठवड्याला रिकामा होत होता आणि घरात टेबलावर जेवायला जागा नव्हती. एका संध्याकाळी मुलगी प्रॅक्टिसवरून आली, बॅग टाकली आणि आजोबांसमोर उभी राहून म्हणाली, "आजोबा, दुसरा बॉल आत होता! मी बघितला! तुम्ही खोटं बोलता!" मराठीत. तोडकंमोडकं, पण सगळं मराठीत. मी पोळी तव्यावर विसरले. बाबांनी तिला समोर बसवलं आणि वाटाणा काढला.

तिकीट अलीकडचं काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पण पुढच्या वर्षीचाही काढला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. नाही म्हणाले तर?

जायचा दिवस आला. नवरा गाडी लावायला गेला आणि मी आणि बाबा विमानतळावर सामानाच्या रांगेत. घरी मी परत परत विचारलं होतं, बॅगेचं वजन केलंत का? केलं, म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने बॅग ठेवली आणि मान हलवली. जास्त भरत होती, आणि चांगलीच. रांगेतून बाजूला होऊन मी फरशीवर बसून बॅग उघडली. शर्ट, औषधं, भाकरी पाठवणाऱ्या बाईंच्या नातवंडांसाठीची चॉकलेटं, आणि सगळ्यात खाली, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. मी लुगडं सोडलं.

पाटी. तीच. दोन भाषांतली, सर्वमान्य मजकुराची, लोखंडी.

"शेजाऱ्यानं दिली," बाबा म्हणाले. "त्यानंच गुंडाळायला मदत केली. इथं ऱ्हायली तर कोणतरी ठोकंल आज ना उद्या. मग झालं की, मिटलं. मग कशाला कोण कुणाच्या दारात येतंय?"

आणि माझा बांध फुटला. विमानतळावर, फरशीवर बसल्या बसल्या, भर आवाजात, मराठीत. प्लास्टिक, चादरी, कॉलर, पहिल्यांदा नाही दुसऱ्यांदा गोल, माझ्या झिट्झुंगा, माझी साखर, वजन केलं म्हणून धडधडीत खोटं, आणि आता गावाची पाटी पळवून कोल्हापूरला. वय झालं म्हणून काय वाट्टेल ते करायचं का? माणसाला काही समजतं की नाही? रांग वळून बघत होती. एक सिक्युरिटीवाला दोन पावलं पुढे आला आणि थांबला. बाबा ऐकत होते. मान किंचित वर करून.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी नाक पुसलं. "ती गेल्यापासनं," ते म्हणाले, "मला एवढं कोणी बोललं न्हवतं बघ."

मी लुगडं हातात धरून बसले होते. त्यांनी वाकून पाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"तूच ठेव. पण ठोकू दिऊ नकोस कुणाला. पुढल्या वर्षी आलो की बघतो."

मला रडू येत होतं, आणि रडले असते तर ते पुन्हा गप्प झाले असते. म्हणून मी पाटी काखेत मारली, उठले आणि म्हणाले, "बघायचंय काय त्यात? पहिला गोल नव्हताच, बाबा. मी रेषेपाशी उभी होते."

"तू?" बाबा ताठ झाले. "बाटल्या धरून हुभी होतीस तू. पुण्याच्या माणसाला काय कळतंय फुटबॉलमधलं?"

नवरा गाडी लावून आला तेव्हा आमचं जोरात चाललं होतं. तो मध्ये पडायला गेला, तर आम्ही दोघांनी त्याला गप्प बसवलं. सिक्युरिटीच्या दारापर्यंत आम्ही भांडत गेलो. आत गेल्यावर काचेपलीकडून बाबांनी वळून दोन्ही तळवे वर केले आणि मध्ये वीतभर अंतर ठेवून दाखवलं. एवढा आत होता. मी पाटी दोन पायांत धरली, माझे तळवे एकमेकांना घट्ट चिकटवले आणि काचेला लावून धरले.

ते मान हलवत, काहीतरी पुटपुटत पुढे गेले. पाटी आमच्या कोठीघरात आहे, सासूबाईंच्या लुगड्यात, आणि तिकीट मी जूनचं काढलंय.